नदीपलीकडून ऐकलेला कर्णा

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक मुलगी गिटार वाजवते. तिच्या पायाशी लोखंडी डबी असते. ती पायाने दाबली की गिटारचा आवाज फाटतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं यंत्र बिघडलंय, म्हणून जिना चढून सांगायला गेलो. ती हसून म्हणाली, "आजोबा, यासाठीच तर ही डबी घेतलीय." मी ओशाळून खाली आलो. मग दिवसभर चांदभाईंची आठवण येत राहिली. त्यांना ही डबी दाखवली असती तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. बहुतेक मान खाली घालून बसले असते.

मला लिहायची सवय नाही, आणि चांदभाईंबद्दल लिहावं असा मी कोण, हेही मनात येतंच. पण त्यांना ओळखणारे आता फारसे उरलेले नाहीत.

मी माण तालुक्यातून आलो तेव्हा पिंपरीचा औषधांचा कारखाना नुकता सुरू झाला होता. मला तिथं काम लागलं आणि चिंचवड गावात चांदभाईंच्या घरातली मागची खोली भाड्याने मिळाली. चांदभाई लग्नाकार्याला, जत्रेला लाउडस्पीकर लावून देत. आवाज मोठा करणारं एक मशीन, एक माइक, मोटारीची बॅटरी आणि दोन कर्णे, एवढा संसार. सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर जाऊन झाडावर चढायचो आणि कर्णा बांधायचो. माझं वय तेव्हा पंचविशीच्या आतलं. चांदभाई मला 'भैरू' म्हणत आणि त्यांच्या बायकोला, ताजुन्निसांना, मी 'चाची' म्हणत असे.

आसपासच्या गावांत चांदभाईंचं नाव एकाच गोष्टीसाठी होतं. त्यांचा आवाज फाटत नसे. इतर लाउडस्पीकरवाले यजमानाने "अजून मोठा" म्हटलं की आवाज वाढवत जायचे आणि कर्णा खरखरायला लागायचा. चांदभाईंनी मशीनच्या आवाजाच्या बटणाजवळ लाल लाखेचा ठिपका लावला होता. बटण त्या खुणेच्या पुढे कोणी न्यायचं नाही. एकदा दिघीच्या कार्यात एका हौशी पाटलाने स्वतः बटणाला हात घातला, तर चांदभाईंनी बॅटरीच्या तारा काढून घेतल्या आणि म्हणाले, "पाटील, माझी गर्दन पिळा, पण हे बटण नको."

त्यांचा मुलगा अन्वर देहूरोडच्या लष्करी डेपोत तारा जोडायच्या कामावर होता. तिथल्या एका गोव्याच्या बँडवाल्याकडून तो आडवी गिटार शिकला. मांडीवर पाटासारखी आडवी ठेवायची, उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हातातली लोखंडी नळी तारेवरून सरकवायची. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी घसरत जायचा. बँडवाल्याने आपली जुनी, तडकलेली गिटार त्याला देऊन टाकली होती. अन्वरने भंगारातल्या टेलिफोनच्या, कानाला लावतात त्या भागातलं लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं काढून गिटारच्या तारांखाली बसवलं आणि त्याची वायर बापाच्या मशीनला जोडली. घराच्या पडवीत तो ती वाजवायचा. चांदभाई खुणेच्या पुढे जाऊ देत नसत, त्यामुळे आवाज बारीक यायचा. तार छेडली की 'ट्यांव' व्हायचं आणि सूर लगेच विझायचा.

"अब्बा, थोडंसं पुढं नेऊ का बटण?" अन्वर विचारायचा.

"ने की," चांदभाई म्हणायचे. "आणि उद्या लोकांनी विचारलं, चांदभाईच्या कर्ण्याला खोकला झालाय का, तर जवाब तू दे."

रहाटणीच्या उद्धवरावांच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं. उद्धवराव मोठे बागाईतदार नव्हते, पण मानी होते. नवरदेव नदीपलीकडच्या पिंपरी गावचा. त्या वेळी दोन्ही गावांच्या मध्ये शेतं आणि पवना नदी, दुसरं काही नव्हतं. आमच्याकडे तेव्हा एक रीत पडली होती. मुलीच्या मांडवात सनई वाजायची, सनईपुढे माइक असायचा आणि कर्ण्याचं तोंड नवरदेवाच्या गावाकडे फिरवलेलं असायचं. पलीकडे सनई ऐकू आली की वऱ्हाडाच्या गाड्या हलायच्या. जुनी माणसं म्हणायची की आमच्या वेळी बंदुकीचा बार काढत. आता कर्णा आला होता.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. आम्ही मांडवाशेजारच्या चिंचेवर कर्णा बांधला, तोंड नदीकडे केलं. सनईला थेरगावचा चिमाजी ठरला होता. सनई होती म्हणून तबकड्या वाजवायचं यंत्र आम्ही आणलंच नव्हतं. ऊन कलायला लागलं तरी चिमाजीचा पत्ता नाही. मग एक माणूस सांगत आला की चिमाजीच्या गाडीचा आख मोडलाय, तो चालत निघालाय.

उद्धवराव घामाघूम झाले. "चांदभाई, पलीकडं गाड्या जुंपून बसल्यात. कायतरी वाजवा."

मी म्हणालो, "माणूस पाठवून सांगितलं तर?"

"माणूस?" त्यांची थोरली बहीण दुर्गाबाई मांडवातूनच म्हणाली. तिचा आवाज असा, की तिला माइक कधी लागला नाही. "म्हंजे जल्मभर व्याही ऐकवत्याल, की ह्यांच्या दारात सनई सुदीक नव्हती, माणूस धाडून बोलीवलं. जेवायला बोलीवत्यात तसं!"

अन्वर सकाळीच देहूरोडहून थेट तिथं आला होता. त्याची गिटार चादरीत गुंडाळून मशीनजवळ ठेवलेली होती. तो हळूच म्हणाला, "अब्बा, मी वाजवू? सनईची चाल मला येते."

चांदभाईंनी उद्धवरावांकडे पाहिलं. उद्धवरावांनी हात जोडले. "वाजव," चांदभाई म्हणाले, "पण खुणेच्या आत."

अन्वर मशीनजवळ मांडी घालून बसला आणि त्याने तार छेडली. कर्ण्यातून 'ट्यांव' आलं आणि विरलं. पुन्हा छेडली, पुन्हा विरलं. मांडवाच्या दारात बांधलेल्या बैलानेसुद्धा कान हलवला नाही. नदीपलीकडे काय जाणार होतं?

"आरं, मच्छर हाय का आत?" कोणीतरी म्हणालं.

चांदभाई तेवढ्यात कर्ण्याची तार ढिली झाली का ते बघायला झाडाखाली गेले होते. अन्वरने बापाच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि बटण लाखेच्या खुणेपुढे नेलं. थोडं नाही, पार शेवटपर्यंत.

मग जे झालं ते सांगायला माझ्याकडे नीट शब्द नाहीत. तार तीच, बोट तेच, पण कर्ण्यातून सूर गर्जत बाहेर पडला आणि विझेचना. अन्वर नळी सरकवत होता, सूर त्याच्याबरोबर वर चढत होता, खाली येत होता, पण तुटत नव्हता. आणि तो चांगला मधोमध फाटलेला होता. जाड गोधडी दोन्ही हातांनी टरकवावी तसा. आम्ही कर्ण्याच्या अगदी खाली होतो. बायकांनी कानांवर हात ठेवले. हळदीच्या ताटाजवळ झोपलेलं एक तान्हं पोर दचकून रडायला लागलं. बैलाने दाव्याला हिसका दिला.

आणि दुर्गाबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "चांदभाई, तुमच्या कर्ण्यात म्हस व्यायला लागलीया का काय?"

सगळा मांडव हसला. आचारी हसले, पंगतीसाठी पत्रावळी लावणारे हसले, नवरीसुद्धा मुंडावळ्यांआडून हसली. मी हसलो नाही, पण तो काही माझा मोठेपणा नव्हे. मला चांदभाईंचा चेहरा दिसत होता. ते झाडाखालून आले ते धावत नाही, अगदी सावकाश आले. त्यांनी वाकून गिटारची वायर मशीनमधून उपटली. एकदम शांतता झाली. त्या शांततेत ते मुलाला म्हणाले, आणि ते सगळ्यांनी ऐकलं, "एवढ्या वर्षांत मी एक आवाज फाटू दिला नाही. तू माझी अब्रूच फाडलीस. ऊठ. तू माझ्या मशीनजवळचा माणूस नाहीस."

मग उद्धवरावांसमोर हात जोडून म्हणाले, "माफ करा. पोरगं माझं नाही असं समजा."

अन्वरने गिटार चादरीत गुंडाळली. तो कोणाकडे न बघता बांधावरून निघून गेला. त्याच वेळी पोरं ओरडत आली, नदीच्या उतारावर धूळ दिसतेय, गाड्या निघाल्या! मग सगळे त्या गडबडीत लागले. थोड्या वेळाने चिमाजीही धापा टाकत पोचला, माइकपुढे बसला आणि मंगलाष्टकांना त्याने छान वाजवलं. लग्न नीट लागलं. चांदभाई मात्र सगळा वेळ मशीनच्या मागे, लोकांकडे पाठ करून बसून होते. जेवायला बोलावलं तर म्हणाले, पोट ठीक नाही.

त्यानंतर अन्वर घरी आला नाही. देहूरोडलाच बँडवाल्याच्या खोलीवर राहायला लागला. चाची चांदभाईंशी बोलेनाशा झाल्या. चहाचा कप पुढे ठेवायच्या तो असा आपटून, की अर्धा चहा बशीत. भोसरीच्या एका कार्यासाठी माणूस विचारायला आला, तर चांदभाईंनी सांगितलं मशीन बिघडलंय. मशीन कोपऱ्यात गोणपाटाखाली ठीकठाक होतं. गावात कोणीतरी म्हशीचं विचारील या भीतीने ते चावडीवरूनसुद्धा जात नसत, मागच्या बोळाने जायचे.

एकदा पडवीत बसलो असताना त्यांनी आपणहून विषय काढला. समोर चाची बाजरी मापत होत्या.

"भैरू, आवाज दोन तऱ्हांनी फाटतो," ते म्हणाले. "एक, कर्ण्याच्या आतला पडदा चिरतो. मग हळू बोला नाही तर जोरात, चरचर येणारच. तो आजार. पडदा बदलला की गेला. दुसऱ्यात मोडत काहीच नाही. मशीनला पेलतं त्याच्यापेक्षा जास्त त्याच्यात ओतलं जातं. ही पायली बघ. शीग लावून, काठावर ढीग येईल अशी भरली, वरनं फळी फिरवली, की वरचं सगळं सपाट कापलं जातं. सुराचाही माथा तसाच कापला जातो, म्हणून तो ओरबाडतो. पहिल्यात यंत्राचा गुन्हा. दुसऱ्यात वाजवणाऱ्याची हाव. माझ्या घरात हाव निघाली."

चाचींनी फळी न घेता हाताच्या तळव्याने पायलीवरची शीग सारखी केली आणि न बघताच म्हणाल्या, "फळीच कशाला लागते? हातानं केलं तर कड गोल राहते."

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

मग चिमाजी आला. आठवड्याच्या बाजाराला जाता जाता तो आमच्या दारात थांबला. काखेत नवा कोरा फेटा आणि हातात नारळ. ते त्याने पडवीत ठेवले आणि अवघडून उभा राहिला.

"चांदभाई, ह्ये तुमचं ठेवून घ्या. मला पचायचं न्हाई."

"काय झालं?"

"पिंपरीच्या पावण्यांनी दिलंय. म्हनं, आमी गाड्या जुंपून बसलो हुतो, तवा पलीकडनं तुमची सनई आली, आमच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतनं पानी आलं. असा लांब सूर धरल्याला आमी जल्मात ऐकला न्हाई." चिमाजीने मुंडाशाने तोंड पुसलं. "मी त्येंना म्हनलं, मी तर मागनं आलो. तर हसत्यात! म्हनत्यात, चिमाजी, मांडवात वाजवलंस त्येबी बरं हुतं, पर पयलं लांबनं वाजवलंस तसं मागनं जमलं न्हाई तुला. आता सांगा. मी वाजवलं त्ये बरं, आन् मी वाजवलंच न्हाई त्ये लई चांगलं! ह्यो फेटा मी डोक्याला कसा गुंडाळू?"

चांदभाईंना वाटलं हा चेष्टा करतोय. "चिमाजी, तूही म्हशीवरच आलास का?"

"इठ्ठलाशपथ."

"पण ते फाटलं होतं. मी स्वतः ऐकलंय. कर्ण्याखाली उभा होतो मी."

तेव्हा रहाटणीच्या त्या लग्नानंतर पहिल्यांदाच चाची त्यांच्याशी थेट बोलल्या. "कर्ण्याखालीच असता तुम्ही. आजवर कधी लांबून ऐकलाय आपला कर्णा?"

"मशीन सोडून मी कसा जाणार?"

"मी ऐकते. घाटावर धुणं धुताना सगळ्या बायका ऐकतो. पलीकडच्या गावात तुम्ही लावता ना, तुमचा तो साफ आवाज इथवर येतो तो तव्यावर मोहरी तडतडावी एवढाच. नुसती टोकं येतात. मी कधी बोलले नाही. म्हटलं, माणूस एवढ्या अभिमानाने करतो."

चांदभाईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मांडवात दुर्गाबाई बोलली तेव्हासुद्धा ते असे दिसले नव्हते. त्या दिवशी त्यांना वाटत होतं की मुलाने आपल्याला लाजवलं. आता कळत होतं की आवाज लांब पोचवायचा धंदा करणाऱ्या माणसाने तो लांब जाऊन कधी ऐकलाच नव्हता, आणि न ऐकता भर मांडवात मुलाला नाकारलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन देहूरोडला गेले. खोलीच्या दारात अन्वर भेटला. बापाला बघून तो उभा राहिला, पण पुढे आला नाही. मला वाटलं आता ते माफी मागतील. चांदभाईंनी घसा साफ केला आणि विचारलं, "बॅटरीचं पाणी कुठं मिळतं रे इकडं?"

"स्टेशनजवळ," अन्वर म्हणाला.

"हां." मग जमिनीकडे बघत, "उद्धवरावांची लेक पहिल्यांदा माहेरी यायचीय. मांडवपरतणी आहे. त्यांनी कर्णा सांगितलाय."

"मशीन बिघडलंय म्हणे."

"मशीन नाही बिघडलेलं."

अन्वरने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, एवढंच मला करता आलं. चांदभाई म्हणाले, "तू ते तसंच वाजव. खुणेच्या पुढे. मी पलीकडे जाऊन बसतो." मग पायलीची गोष्ट त्यांनी मुलालाही सांगितली, तुटक तुटक, जणू त्यालाच काही विचारत होते.

अन्वर म्हणाला, "अब्बा, पायली उतू जात असली तर वरनं मूठभर धान्य कमी झालं तरी माप भरलेलंच दिसतं ना? तसंच ते. तार छेडली की तिचा जोर कमी होत जातो. पण मशीन काठोकाठ असेल तर बाहेर कमी झालेला दिसत नाही. म्हणून सूर धरून राहतो."

चांदभाईंनी त्याला कार्याचा दिवस सांगितला.

मांडवपरतणीच्या दिवशी आम्ही त्याच चिंचेवर कर्णा बांधला. दुर्गाबाईने आम्हाला बघताच पदर तोंडाला लावला, पण उद्धवरावांनी डोळे वटारले म्हणून बोलली नाही. अन्वरला मशीनपाशी बसवून चांदभाई आणि मी निघालो. पवनेला गुडघाभर पाणी होतं. चांदभाईंनी पायजमा वर खोचला. पलीकडे पिंपरीच्या बाजूला बायका धुणं धूत होत्या. आम्ही वाळूवर जरा बाजूला बसलो. चांदभाई सारखे मागे वळून रहाटणीकडे बघत होते. आपल्या मशीनपासून एवढं लांब बसण्याची त्यांना सवयच नव्हती. हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं.

मग आवाज आला.

मी तोच सूर झाडाखाली ऐकला होता, म्हणून मला तो ओळखायला वेळ लागला. ओरबाडणारं जे काही होतं ते शेतांवर, पाण्यावर कुठेतरी गळून पडलं होतं. आमच्यापर्यंत आला तो भरलेला, चाचींच्या तळव्याने कड गोल केल्यासारखा, लांबच लांब सूर. सनईसारखा, पण सनईवाल्याला श्वास घ्यायला थांबावं लागतं आणि हा थांबत नव्हता. चांदभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग तीच टोपी चेहऱ्यावर धरली. त्यांचे खांदे हलत होते. मी नदीकडे बघत राहिलो.

धुणं धुणाऱ्या एका बाईने हात थांबवला. "आज परत चिमाजी आलाय जणू," ती शेजारणीला म्हणाली. "किती गोड वाजवतोय बया!"

चांदभाईंनी टोपी खाली घेतली. "चिमाजी नाही," ते म्हणाले. पण इतक्या हळू की फक्त मलाच ऐकू आलं.

"काय म्हनलासा, बाबा?"

ते उभे राहिले. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज मोठे करून देणाऱ्या त्या माणसाला स्वतःचा आवाज मोठा करायला जड जात होतं. "चिमाजी नाही," ते पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने. "माझा पोरगा आहे. अन्वर."

बाईला त्यात विशेष काही वाटलं नाही. "असंल," म्हणून ती पुन्हा पिळे पिळायला लागली.

आम्ही पाण्यातून परत आलो. जसजसे जवळ येत होतो तसतसा सूर पुन्हा खरबरीत होत होता, आणि चिंचेखाली पोचलो तेव्हा तो पहिल्यासारखाच कान फाडत होता. अन्वरने बापाला बघून हात थांबवले. दुर्गाबाईला आता राहवेना. "घ्या! म्हस परत व्यायली चांदभाईंची!"

पुन्हा हशा झाला. अन्वरचा हात बटणाकडे गेला, आवाज कमी करायला. चांदभाईंनी तो हात धरला. त्यांची मान वर नव्हतीच, त्या दिवशी ती शेवटपर्यंत वर झाली नाही. कपाळापर्यंत लाल झाले होते ते. तशाच खाली घातलेल्या मानेने, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले,

"व्हय, दुर्गाबाई. म्हस आमचीच हाय. त्या दिवशी मी न्हाई म्हनलो हुतो."